मातीआड गेलेले ताईत

बालाघाटाच्या डोंगरांच्या आश्रयाने वसलेल्या परळी वैजनाथ या क्षेत्राची जी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिच्यात समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या दोहोंना असुरांच्या दृष्टीआड करून विष्णूने येथील शिवलिंगात दडविले, असा प्रसंग आहे. आणि इतरत्र गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरूनच हात जोडून माघारी फिरावे लागणाऱ्या भाविकास येथे लिंगाला प्रत्यक्ष हात लावून दर्शन घेण्याची जी मोकळीक आहे, तिची उपपत्तीही त्याच कथेतून सांगण्यात येते. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवालयाचा जीर्णोद्धार केला, निजामाच्या अमदानीत हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या दफ्तरी राहिला, पुढे १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; राज्ये बदलली, परंतु व्याधी आणि मृत्यू यांना रोखून धरणारी शक्ती एखाद्या वस्तूत वास करते व स्पर्शाने ती माणसाच्या अंगी येते, ही श्रद्धा मात्र देवळाच्या पायऱ्यांवर आजही जशीच्या तशी उभी आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत रुद्राक्ष, काळे दोरे आणि तांब्याची कडी यांची जी दुकाने मांडली जातात, त्यांचा व्यवहार याच श्रद्धेवर चालतो.

या गावात स्थावर लिंगाइतकेच महत्त्व असलेले दुसरेही एक लिंग आहे, आणि ते देवळात नसून माणसांच्या अंगावर आहे. परळीत वीरशैव लिंगायतांची वस्ती जुनी. ज्या मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचून वीरशैव तत्त्वज्ञान या प्रांतातील सामान्य जनांच्या हाती दिले, त्यांची समाधी याच बीड जिल्ह्यात कपिलधारेला असून तेथील यात्रेला दूरदूरच्या गावांहून दिंड्या निघतात. या समाजात मूल जन्मल्यावर जंगमाच्या, म्हणजे समाजाच्या धर्मगुरूच्या, हस्ते त्याला इष्टलिंग दिले जाते. करड्या मऊ पाषाणाचे, वर काळ्या लेपाने झाकलेले, एखाद्या सुपारीएवढे ते लिंग चांदीच्या पेटीत किंवा वस्त्रात ठेवून शिवदोऱ्याने गळ्यात धारण करावयाचे, नित्य पूजेच्या वेळी डाव्या तळहातावर घेऊन त्याच्यावर दृष्टी स्थिर करावयाची, आणि देहात प्राण आहे तोवर ते देहापासून वेगळे होऊ द्यावयाचे नाही, असा दंडक आहे.

प्राण गेल्यावर काय होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. लिंगायत मृताला आडवे निजवीत नाहीत. स्नान घालून, कपाळी व अंगी विभूती लावून त्याला बसते करतात, बसत्या स्थितीतच सजविलेल्या विमानातून भजनाच्या घोषात भूमीपर्यंत नेतात, आणि खणलेल्या खड्ड्याच्या एका अंगास कोरलेल्या कोनाड्यात मांडी घालून बसवितात. मग गळ्यातील इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवले जाते, म्हणजे जन्मभर ज्या मुद्रेत त्याने पूजा केली त्याच मुद्रेत तो मातीआड होतो. बिल्वपत्र वाहिले जाते, विभूती आणि मीठ यांची भर पडते, आणि वर माती लोटली जाते. या विधीत मृताची वस्तू त्याला परत केली जात नाही व वारसाला देण्यासाठी काढूनही घेतली जात नाही. ती त्याच्याबरोबर जाते.

युरोपातील रोमन दफनभूमींच्या उत्खननांची वर्णने वाचताना परळीचा हा रिवाज डोळ्यांपुढे ठेवला, तर त्या थडग्यांत मिळालेल्या पदार्थांकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. रोमन साम्राज्याच्या पहिल्या चार-पाच शतकांतील, विशेषतः मुलांच्या, दफनांत मृताच्या गळ्याशी, छातीशी किंवा कुशीशी लहानसहान रक्षावस्तू सापडतात: कांस्याच्या घंटा, भोक पाडलेली नाणी, पिवळ्या राळेचे मणी, श्वापदांचे दात, चंद्रकोरीची पदके. ब्रिटनमधील कोल्चेस्टर व यॉर्क आणि ऱ्हाइनकाठचे कोलोन अशा ठिकाणच्या बालकांच्या थडग्यांत काळ्या चकचकीत जेट दगडात कोरलेली अस्वलाची चिमुकली आकृतीही मिळाली आहे. ज्या श्वापदाला माणूस भितो तेच बालकाचा राखणदार व्हावे, हा त्यामागील विचार आपल्याकडील वाघनखाच्या लेण्याचा इतका सख्खा आहे, की त्याचे विवरण मराठी वाचकापुढे करण्याचे प्रयोजन नाही.

पहिल्या शतकातील प्लिनी या रोमन ग्रंथकाराने आपल्या विश्वकोशवजा ग्रंथात या वस्तूंचे गुण नोंदले आहेत. राळेचा मणी तान्ह्या मुलाला बांधल्यास हितकर होतो. लांडग्याचा दात अंगावर असला तर मूल झोपेत दचकत नाही व दात येतानाची पीडा टळते, असे तो सांगतो. आपल्या घराघरांतील आजीने वेखंडाचा तुकडा मनगटी बांधताना, काळ्या मण्यांच्या मनगट्या घालताना किंवा गालावर काजळाची तीट लावताना जे सांगितले, त्याहून हे फारसे वेगळे नाही. रोमन स्वतंत्र नागरिकाच्या मुलाच्या गळ्यात ‘बुल्ला’ नावाची पोकळ, फुगीर डबी असे. श्रीमंताची सोन्याची, गरिबाची चामड्याची. तिच्यात रक्षावस्तू भरलेली असे, आणि मुलगा वयात येऊन प्रौढाचा झगा परिधान करी त्या दिवशी ती गळ्यातून उतरवून गृहदेवतांना अर्पण केली जाई. मुलींच्या गळ्यात चंद्रकोर असे.

येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. बुल्ला ही मुदतीची रक्षा होती. बाल्य संपले की तिची मुदत संपत असे. परंतु जे मूल ती मुदत पुरी होण्याआधीच गेले, त्याच्या गळ्यातील रक्षा उतरविण्याचा विधीच झाला नाही, आणि म्हणून ती उतरविण्याचा अधिकारही कोणाला उरला नाही. रोमन थडग्यांत ताईत मुलांबरोबर अधिक व प्रौढांबरोबर कमी आढळतात, याचे कारण केवळ आईबापांच्या दुःखात शोधण्यापेक्षा या अपुऱ्या राहिलेल्या मुदतीत शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते. प्रौढांच्या बाबतीत तर रोमच्या प्राचीन द्वादशपट्ट कायद्याने मृताबरोबर सोने देण्यास मनाई केली होती, अपवाद फक्त दात बांधण्यासाठी वापरलेल्या सोन्याच्या तारेचा; मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवणाऱ्या आपल्या समाजाला या कायद्याचे नवल वाटावे.

अर्थात, सर्वच वस्तू जिवंतपणीच्या अंगावर होत्या तशा राहिल्या, असेही नाही. उत्तरकालीन रोमन दफनांत कडी, मणी, नाणी अंगावर नसून देहाच्या बाजूला पुंजक्याने ठेवलेली पुष्कळदा आढळतात. अशा वस्तू मृत्यूनंतर, पुढच्या वाटेसाठी म्हणून, मुद्दाम दिलेल्या असाव्यात. गळ्यातली रक्षा आणि कुशीतली रक्षा या दोहोंत हा भेद आहे: पहिली जगण्याची साक्ष देते, दुसरी शोकाची.

मुलांना अग्नी द्यावयाचा नाही, ही चालही दोन्हीकडे सारखीच. दात येण्यापूर्वी गेलेल्या मुलाचे दहन करण्याची रीत लोकांत नाही, असे प्लिनी लिहितो. आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षे पुरी न झालेल्या मुलाला अलंकार घालून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे, त्याचा अग्निसंस्कार व अस्थिसंचय करू नये, असे विधान असून दात आलेल्या मुलाविषयी स्वतंत्र विचारही तेथे केलेला आहे. रोमची तिबेर व आपली गोदावरी या नद्यांच्या काठचे लोक एकमेकांपासून शिकले असे म्हणण्याचे कारण नाही. मुखातला पहिला दात ही बालकाच्या मनुष्यपंक्तीत येण्याची खूण आहे, असे दोघांनाही आपापल्या घरच्या अनुभवाने वाटले. मात्र मनूच्या वचनातील ‘अलंकार घालून’ हा तपशील इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये, कारण दहनाची चाल असलेल्या समाजात मृतांच्या अंगावरील वस्तू अग्नीने नष्ट होतात किंवा आप्त काढून घेतात, आणि मातीत उरतात त्या फक्त पुरलेल्यांच्या: तान्ह्या मुलांच्या, संन्याशांच्या, नाथपंथी व गोसावी यांच्या, महानुभावांच्या आणि लिंगायतांच्या.

आपल्याकडील प्रागैतिहासिक दफने या दृष्टीने फार बोलकी आहेत. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, त्यात एका बालकाच्या गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि तांब्याच्या क्षारांनी राखल्यामुळे मण्यांच्या पोटातला धागादेखील अंशतः टिकून राहिला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा स्त्रीने ओवलेला तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, ही घटना मला कित्येक राजवंशांच्या सनावळीपेक्षा मोलाची वाटते. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून पुढे चौदा-पंधरा वर्षे चाललेल्या उत्खननात मुलांची दफने घराच्या जमिनीखालीच सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवावयाचे आणि त्यांत बालकाचा देह, अशी रीत होती. प्रौढांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले आढळले. मृताने उठून परत येऊ नये यासाठी ही तजवीज असावी, असा तर्क उत्खनकांनी केला आहे.

तो तर्क पटण्यास इटलीतील एक उदाहरण साहाय्यक होते. उंब्रिया प्रांतातील लुन्यानो इन तेवेरिना या गावी पाचव्या शतकातील एक बालदफनभूमी मिळाली असून ती मलेरियाच्या साथीतील असावी, असे संशोधकांचे मत आहे. तेथे मुलांबरोबर कुत्र्याच्या पिलांची हाडे व कावळ्याच्या जातीतील पक्ष्याची नखी ठेवलेली होती, तीन वर्षांच्या एका मुलीच्या हातापायांवर दगड ठेवलेले होते, आणि २०१८ मध्ये उघड झालेल्या एका दफनात सुमारे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दगड बसविलेला आढळला. साथीचा रोग त्या मुलाबरोबरच जमिनीत राहावा, ही त्यामागची धडपड. म्हणजे थडग्यातील रक्षा दोन दिशांनी काम करते: कधी ती मृताला राखते, तर कधी मृतापासून जिवंतांना.

आता परळीहून नैऋत्येस तेरणा नदीकाठी वसलेल्या तेर या गावी जाऊ. पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गवर्णनात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर अशी दोन व्यापारी नगरे सांगितली असून, पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून जाडेभरडे व तलम असे दोन्ही प्रकारचे कापड बैलगाड्यांनी बंदराकडे जात असे, अशी नोंद आहे. तगर म्हणजे तेर, हे जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. पुढे रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्या व्यापाऱ्याने जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंतून तेथे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मराठवाड्यातील प्रत्येक शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एकदा तरी तेथे गेलेच पाहिजे. पाँपेईच्या राखेत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी तेरची हस्तिदंती मूर्ती प्रसिद्धच आहे. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळच्या आहेत त्या भाजक्या मातीच्या पदकवजा गोल चकत्या. रोमन नाण्यावरील मुखवट्याचा, विशेषतः इ. स. १४ ते ३७ या काळात राज्य करणाऱ्या तिबेरियस या सम्राटाच्या नाण्याचा, ठसा मातीत उमटवून वर दोरा ओवण्यासाठी नाके ठेवलेली अशी पदके दख्खनच्या सातवाहनकालीन वस्त्यांत, तेर व कोंडापूर येथे, मिळाली आहेत. ज्याला सोन्याचे खरे नाणे परवडले नाही, त्याने सम्राटाचा मुखवटा मातीत घडवून गळ्यात घातला. त्या सम्राटाचे नावही त्या धारकाला ठाऊक नसावे. परंतु परक्या देशातून आलेल्या, चकाकणाऱ्या, मोहोर उमटलेल्या वर्तुळात काहीतरी सामर्थ्य आहे, एवढे त्याला पटले होते, आणि त्याच समजुतीने दूर ब्रिटनमधील आईने आपल्या मुलाच्या गळ्यासाठी नाण्याला भोक पाडले.

अक्षरांच्या ताइताची गोष्ट याहून खोल आहे. भूर्जपत्रावर यंत्र किंवा मंत्र लिहून, त्याची गुंडाळी तांब्याच्या वा चांदीच्या पेटीत बंद करून ती दंडात किंवा गळ्यात बांधण्याची आपल्याकडील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. रोमन जगात हेच काम सोन्या-रुप्याच्या पातळ पत्र्यावर होत असे. सर्बियातील व्हिमिनाकिउम या रोमन नगराच्या दफनभूमीत २०१६ मध्ये शिशाच्या नळ्यांत गुंडाळलेले असे पत्रे मिळाले. ऑस्ट्रियातील हाल्बटुर्न येथील दफनभूमीत दीड-दोन वर्षांच्या एका बालकाच्या तिसऱ्या शतकातील थडग्यात चांदीची एक पेटी आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा सोन्याचा पत्रा सापडला. त्यावरील ग्रीक अक्षरे वाचता येत होती, पण अर्थ लागेना, कारण भाषा ग्रीक नव्हती. २००८ मध्ये त्याचे वाचन जाहीर झाले तेव्हा कळले की ग्रीक लिपीत लिहिलेले ते हिब्रू वाक्य आहे, आणि ते म्हणजे ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारे, यहुदी उपासनेतील सर्वांत मूलभूत वचन. फ्रँकफुर्टजवळील नीडा या रोमन नगराच्या दफनभूमीत २०१८ मध्ये एका प्रौढ पुरुषाच्या हनुवटीखाली साडेतीन सेंटिमीटर लांबीची चांदीची पेटी मिळाली. तिच्यातील ठिसूळ पत्रा न उलगडता, यंत्राच्या किरणांनी आतील थर वेगळे करून, अठरा ओळींचा लॅटिन मजकूर वाचण्यात आला व तो २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. इ. स. २३० ते २७० या काळातील त्या थडग्यातील मजकूर संपूर्णपणे ख्रिस्ती आहे, आणि आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील ख्रिस्ती श्रद्धेचा तो सर्वांत जुना पुरावा मानला जातो.

हाल्बटुर्नचे बालक आणि नीडाचा पुरुष यांच्या गळ्यातील पेट्या बाहेरून पाहता ताईतच होत. परंतु आत जे लिहिले होते, ते मुख्यतः भूतबाधा निवारण्याचे आर्जव नसून ‘मी कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर होते. येथे मला परळीचे इष्टलिंग पुन्हा आठवते. बाराव्या शतकात कल्याणच्या बसवेश्वरांपासून चालत आलेल्या शरण परंपरेत इष्टलिंगाला रक्षावस्तू मानणे संमत नाही. क्षुद्र देवतांच्या नादाने दोरे-गंडे बांधण्यास तर त्या परंपरेचा उघड विरोध आहे. इष्टलिंग धारकाला संकटापासून वाचविते म्हणून तो ते घालीत नाही, तर तो आणि ते यांत अंतर नाही या निष्ठेने घालतो. उद्या हजार वर्षांनी एखाद्या परक्या उत्खनकास मराठवाड्याच्या काळ्या मातीत बसत्या स्थितीतील सांगाडा आणि त्याच्या बोटांच्या अस्थींमध्ये काळसर गोल पाषाण मिळाला, आणि चालत्या परंपरेची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसली, तर ‘संरक्षक ताईत’ एवढेच लिहून तो पुढे जाईल. रोमन थडग्यांतील किती वस्तूंच्या बाबतीत आपण असेच केले असेल, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

यातून एक भेद मात्र स्पष्ट होतो. आपल्याकडे अनेक घरांत पुरुषाच्या कमरेचा करदोडा मृत्यूनंतर तोडतात, सौभाग्यालंकारांविषयी घराघरांचे वेगवेगळे नियम आहेत, अंगावरचे दागिने उतरवून घेतात. म्हणजे ज्या वस्तू संसाराशी बांधलेल्या त्या संसारातच राहतात. वयाशी बांधलेली वस्तू वय पुरे होण्याआधी मृत्यू आला तरच मृताबरोबर जाते, हे रोमन बुल्लेवरून दिसले. आणि जी ओळखीशी बांधलेली, तिला मुदत नसल्यामुळे ती कोणत्याही वयात देहाबरोबरच जाते. थडग्यातील वस्तूचे नाव ठरविण्यापूर्वी मृताचे वय, वस्तू गळ्यात होती की बाजूला ठेवलेली, आणि त्या समाजात ती जिवंतपणी कधी चढविली व कधी उतरविली जात असे, एवढ्या गोष्टी विचारल्याविना ‘ताईत’ हा शब्द लेखणीतून उतरूच नये, असे माझे ठाम मत आहे.

रोमच्या बाबतीत हे विचारण्यासाठी आता कोणी उरलेले नाही. परळीत, अंबाजोगाईत, कपिलधारेच्या वाटेवरील गावांत अजून आहे. समाधीचा विधी तोंडपाठ असलेले जंगम आहेत, कोणत्या मुलाला कोणता दोरा कधी बांधावा व कधी सोडावा हे जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत, आणि चांदीत मढविलेली वाघनखे, जिवतीची पदके, जुन्या पेट्या अद्याप घरोघरी आहेत, पण त्या वर्षानुवर्षे सराफाच्या मुशीत जाऊन वितळत आहेत. दफनभूमी उकरण्याची काहीच आवश्यकता नाही व तसे कोणी करूही नये. ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल, त्यांनी ती मोडीत देण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, ती कोणी, कोणाला, कोणत्या वयात बांधली होती आणि कधी उतरविली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तारीखवार कागदावर उतरवावे, आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.